नक्षत्रनाका, पुन्हा

एकतीस वर्षं थांबलो मी, कमांडर,
आणि तुम्ही दार उघडलंत
तर आवाजच नाही आला.

पूर्वी यायचा.
लोखंडी कपाट कुणी फरशीवरून ओढल्यासारखा,
मागे बारीकसा खोकला, बहुधा स्टुडिओतल्या शिपायाचा.
देवरुखात भिड्यांच्या पडवीत दाटीवाटीनं बसून
आम्ही तो खोकलासुद्धा
प्लूटोपलीकडचा मानायचो.

आता दार नुसतं विरघळतं.
छान विरघळतं. खर्च केलाय, दिसतो.

तिकडे नऊ, म्हणजे इथे साडेसात.
गाव ओमानचं, नाव सूर. लागतो तेव्हा लागतो.
खोलीत मी, बिजॉय, आणि बिजॉयची तळलेली मासळी.
पावणेनऊला बस.
समुद्राचं मीठ काढून गोडं पाणी करायच्या कारखान्यात
चौदा वर्षं मी रात्रीचे आकडे वाचतो.
पहिल्या दिवशी कंट्रोल रूममध्ये पाऊल टाकलं,
दिवे, नळ्या, हिरवे काटे, खिडकी म्हणून नाही,
आणि मी मोठ्यांदा हसलो.
हमूदसाहेबांनी विचारलं, काय झालं?
काय सांगणार?
की हे सगळं मी ओळखतो,
पुठ्ठ्याचं होतं तेव्हापासून?

बाकी चालेल. ठोंब्याचं मात्र माफ करणार नाही.
अहो, तो बंब होता!
अंघोळीच्या पाण्याचा बंब, खाली राखेची जाळीसकट,
डोळ्यांच्या जागी सायकलचे दिवे.
सहाव्या भागात त्याच्या आतल्या माणसाची चप्पल दिसली,
त्यावरून आमच्यात दोन दिवस मारामाऱ्या.
शेवटी नंदू खोतनं निकाल दिला:
यंत्र झालं तरी पाय भाजतात.
आता तो पाऱ्यासारखा वाहत येतो
आणि म्हणतो, "मी तुमच्यासाठी इथे आहे, कमांडर."
ठोंब्या असं बोलेल?
ठोंब्या विचारायचा, "जेवलात का?"

मग तुम्ही मागे वळलात.
तुम्हीच. केस पांढरे, ठेवलेत तसेच.

बिजॉयनं विचारलं, ही बाई कोण?
मी म्हटलं, नाक्यावर ड्यूटी. दोन वर्षांची नेमणूक होती,
तेराव्या भागात सुटकेच्या यानाचा दिवा दिसला,
आणि पुढच्या गुरुवारी त्या वेळेला
कोबीवरच्या किडीची माहिती लागली.
म्हणजे रिलिव्हर आलाच नाही?
नाही.
एकतीस वर्षं? ओव्हरटाइम तरी दिला का?

मी हसलो नाही.
मीही दोन वर्षांसाठीच आलो होतो.

यान आलं. खरंच आलं.
एक पोरगी उतरली, गणवेशाची घडी मोडलेली नाही,
आणि मी तयार होतो, कमांडर,
भाषणाला, व्हायोलिनला, डोळ्यांतल्या ग्रहांना.
तुम्ही वही काढलीत.
"तीन नंबरचा व्हॉल्व्ह अडतो," म्हणालात,
"पान्यानं दोनदा मार. तिसऱ्यांदा नको.
आणि पहाटे चारला पश्चिमेकडून एक आवाज येतो.
काही नसतो तो. पहिलं वर्ष वाटेल."

हे कुणी लिहिलंय?
ज्यानं लिहिलंय त्यानं रात्रपाळी केलीय.
आमच्याकडे तो आवाज चारला दहा कमी असताना येतो.

बसचा हॉर्न.
तुम्ही यानाच्या पायरीशी, एक पाय वर,
आणि मी बूट हातात घेऊन जिन्यात.
बसलात की नाही, पाहिलं नाही.

खाडीपलीकडे दीपगृह.
बसमध्ये सगळे फोनच्या उजेडात निळे.
चिपळूणहून सुहिताचा मेसेज:
दादा, शेवट पाहिलास??
मी लिहिलं, सांगू नकोस.
मग बराच वेळ काही सुचेना.
फाटकाशी बस थांबल्यावर लिहिलं,
जेवलीस का?